पत्ता एक, घरें तीन

ज्यांच्या घरीं मुलगा, सून किंवा पुतणी सॉफ्टवेअरच्या व्यवसायांत आहे, आणि पुण्यामुंबईकडील सुशिक्षित कुटुंबांत असें कोणी नाहीं असें घर आतां विरळाच, त्या आमच्या वाचकांस एक तक्रार ऐकून माहीत असेल. "माझ्या यंत्रावर सगळें नीट चालतें, तिकडे मात्र बांधणीच होत नाहीं." हें ऐकून वडील मंडळींस वाटतें कीं कांहीं तरी गहन बिघाड झाला असावा. पुष्कळ वेळां तो अगदींच क्षुल्लक असतो: एका फाईलचा पत्ता एका यंत्रास समजला, दुसऱ्यास समजला नाहीं. क्षुल्लक म्हटला तरी त्यापायीं रात्रीच्या रात्री जातात, ठरलेल्या तारखा टळतात, आणि एका प्रसंगीं तर जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या यंत्रांचीं दारें परक्या माणसास उघडीं पडण्याची वेळ आली होती. या महिन्यांत आम्हीं हाच विषय घेतला आहे.

बांधणी हा कारागिरांच्या 'बिल्ड' या शब्दाचा आम्हीं केलेला प्रतिशब्द. प्रोग्रॅमर जो मजकूर लिहितो तो माणसास वाचतां येतो, पण यंत्रास तसाच्या तसा चालवितां येत नाहीं. त्या मजकुराचे शेंकडों तुकडे गोळा करून, त्यांचें यंत्रभाषेंत रूपांतर करून, ते एकमेकांस जोडून चालता प्रोग्रॅम तयार करण्याचा जो खटाटोप, ती बांधणी. लिनक्स या सुप्रसिद्ध प्रणालीचा नुसता गाभा घेतला तरी त्याच्या मूळ मजकुरांत ७०,००० हून अधिक फाईली आहेत. अमुक फाईल अमुक ठिकाणीं आहे ती उचल, तिच्या शेजारची ही घे, तयार झालेला जिन्नस तमक्या कप्प्यांत ठेव, अशी एक लांबलचक याद बांधणीच्या वेळीं यंत्रास दिलेली असते. आणि ती याद म्हणजे बव्हंशीं पत्त्यांचीच याद. तीच याद लिनक्स, विंडोज आणि मॅक अशा तीन घराण्यांच्या यंत्रांवर वाचली जावयाची असेल, तर तिला तिन्ही घरच्या चालीरीती सांभाळाव्या लागतात.

पाकिटावर आपण प्रथम माणसाचें नांव, मग वाडा, मग पेठ आणि शेवटीं गांव लिहितों. यंत्राचा क्रम याच्या उलट आहे. तें गांवापासून निघून पेठ, वाडा, जिना, खोली असें आंत आंत जात शेवटीं माणसाच्या नांवाशीं येतें. एक नांव संपून दुसरें कोठें सुरू झालें हें कळण्यासाठीं मध्यें एक खूण लागते, आणि भांडणास आरंभ होतो तो या खुणेवरूनच.

१९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत 'मल्टिक्स' नांवाची एक मोठी प्रणाली रचली जात होती. तींत कप्प्यांच्या आंत कप्पे ठेवण्याची सोय होती, व दोन नांवांमध्यें '>' असें बाणाच्या टोकासारखें चिन्ह घालीत. त्या कामांतून बाहेर पडलेल्या बेल प्रयोगशाळेंतील केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं १९६९ पासून 'युनिक्स' उभारली, आणि तींत '/' ही तिरपी रेघ, म्हणजे स्लॅश, पसंत केली. आजचा लिनक्स आणि आजचा मॅक दोघेहि याच परंपरेंतले असल्यामुळें तीच रेघ चालवितात.

विंडोजचें कूळ निराळें. तिचा पूर्वज जो डॉस, तो १९८१ सालीं आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर बाजारांत आला तेव्हां त्याच्याजवळ कप्पेच नव्हते. एका तबकडीवरील सगळ्या फाईली एकाच पंगतीस बसलेल्या. मग त्यांच्या पत्त्यांत खूण हवी कशाला? तिरपी रेघ त्यानें दुसऱ्याच कामास लाविली होती. आज्ञेपुढें '/' घालून तिचा पोटभेद सांगावयाचा, ही चाल त्याहूनहि जुन्या यंत्रांवरून तेथें आली होती. १९८३ च्या मार्चमध्यें डॉसची दुसरी आवृत्ति निघाली आणि तींत कप्पे आले. पण पाहावें तों हवी असलेली रेघ आधींच नोकरीस लागलेली! ती काढून घ्यावी तर लोकांच्या हातवळणीं पडलेल्या आज्ञा मोडतात. म्हणून तिच्या उलट झुकणारी '\' ही रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, पत्त्यांसाठीं नेमण्यांत आली. एका वर्षाची अडचण भागविण्यासाठीं केलेली सोय चाळीस वर्षांहून अधिक काळ जगाच्या मानेवर बसून राहिली आहे, आणि ती उतरण्याचीं चिन्हें आम्हांस दिसत नाहींत.

ही उलटी रेघ संगणकाच्या अक्षरसंचांत शिरली तीसुद्धां पत्त्यांसाठीं नव्हे. १९६३ च्या 'आस्की' संचांत ती बॉब बीमर यांच्या आग्रहानें आली; दोन्ही रेघा जवळजवळ मांडून तर्कशास्त्रांतील 'आणि' व 'किंवा' हीं चिन्हें बनवितां यावींत, एवढाच त्यांचा हेतु होता. जपानांत या संकेतांकाच्या जागीं येनचें चलनचिन्ह दाखविण्याचा प्रघात पडला, व कोरियांत वॉनचें. त्यामुळें जपानी विंडोजवरील फाईलचा पत्ता पाहणाऱ्यास वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा दिसतो.

ही झाली हकीकत. उपद्रव कोठें होतो तें पाहूं. विंडोजच्या पत्त्यांत बसलेल्या या रेघेला दुसऱ्या दरबारांत निराळाच मान आहे. रिची यांच्या सी भाषेंत, आणि तिच्या वळणावर गेलेल्या बहुतेक भाषांत, ती स्वतःसाठीं येत नाहीं. पुढच्या अक्षराचा अर्थ बदलावा, इतकें सांगून ती नाहींशी होते. पाणिनीच्या व्याकरणांतील 'इत्' वर्ण आमच्या वाचकांस आठवत असतील. ते शब्दाचा भाग म्हणून राहत नाहींत. कांहीं कार्य सुचवितात आणि लोप पावतात. बॅकस्लॅश हा अगदीं तसाच इत् आहे. त्याच्यापुढें इंग्रजी 'एन' आला तर दोहोंचा मिळून अर्थ 'नवी ओळ', 'टी' आला तर 'स्तंभापर्यंतची मोकळी जागा'. आतां समजा, 'न्यू' नांवाच्या कप्प्यांतील 'टेबल' या फाईलचा पत्ता कोणी विंडोजच्या रीतीनें जसाच्या तसा प्रोग्रॅमांत लिहिला. यंत्र दोन्ही नांवांचीं आद्याक्षरें गिळून टाकील, त्यांच्या जागीं एक नवी ओळ आणि एक मोकळी जागा मांडील, व 'अशी फाईल नाहीं' म्हणून स्वस्थ बसेल. रेघ दुप्पट लिहिली कीं हा दोष टळतो हें खरें. पण बांधणीच्या कामांत एक हत्यार दुसऱ्यास, दुसरें तिसऱ्यास पत्ता सांगत जातें, आणि प्रत्येकाच्या तोंडीं दोहोंच्या चार, चारांच्या आठ अशा रेघा वाढत जातात. अशी एखादी ओळ आम्हीं पाहिली म्हणजे ती पत्ता आहे कीं कुंपण, असा प्रश्न पडतो.

गंमत अशी कीं, विंडोजला स्वतःला सरळ रेघेचें वावडें नाहीं. 'ही फाईल उघड' अशी विनंति प्रोग्रॅमनें केली आणि पत्त्यांत '/' असली, तरी ती बहुधा बिनतक्रार समजून घेते. वावडें आहे तें तिच्या जुन्या आज्ञापटलास. तें अजूनहि '/' दिसली कीं आज्ञेचा पोटभेद समजतें. म्हणून 'सीमेक' यासारखीं बांधणीचीं हत्यारें आपल्या आंतल्या व्यवहारांत सर्वत्र सरळ रेघच ठेवतात, आणि आमच्या मतें हेंच शहाणपणाचें आहे. उलट दिशेचाहि एक नमुना सांगतों. पुष्कळ फाईलींची एक गांठोडी बांधणारी जी 'झिप' पद्धति, तिच्या नियमांत सरळ रेघच लिहावी असें स्पष्ट आहे. तरीहि मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट चौकटीच्या ४.६.१ पूर्वींच्या आवृत्त्या गांठोडीवर उलटी रेघ लिहीत. लिनक्सच्या लेखीं उलटी रेघ हें नांवांत चालणारें एक साधें अक्षर. त्यामुळें अशी गांठोडी तेथें सोडल्यावर कित्येकदां 'चित्रें' नांवाचा कप्पा व त्यांत 'गणपति' ही फाईल मिळण्याऐवजीं 'चित्रें\गणपति' अशा अखंड नांवाची एकच फाईल हातीं येई.

पत्त्यांची यादी करतांनाहि दोन्हीकडचे विराम निराळे. युनिक्सकडे दोन पत्त्यांमध्यें ':' असतें; विंडोजकडे ते चालणें शक्य नव्हतें, कारण तेथें तबकडीच्या अक्षरापुढें तेंच चिन्ह आधीं बसलेलें, म्हणून तेथें ';' आलें. पण याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. अशी चूक झाली तर ती पहिल्याच दिवशीं उघड होते.

महिनोन् महिने उघड न होणारी चूक निराळीच आहे. ती इंग्रजी अक्षरांच्या थोरल्या व धाकट्या रूपांची. देवनागरींत असा भेद नसल्यामुळें आपल्याला तो चटकन् जाणवत नाहीं. लिनक्सच्या घरीं थोरल्या 'आर'नें लिहिलेला 'राम' आणि धाकट्या 'आर'नें लिहिलेला 'राम' ही दोन निराळीं माणसें. विंडोजवर, आणि कोणी मुद्दाम बदल केला नसेल तर मॅकवरहि, तो एकच राम. मात्र नांव जसें लिहिलें तसें जपून ठेवितात. एका घरांत 'बापू' म्हणा कीं 'बापूराव' म्हणा, ओ देणारा एकच. दुसऱ्या घरांत बापू हा धाकटा नातू आणि बापूराव हे आजोबा. आतां कोणी मॅकवर काम करीत असतां फाईलचें नांव थोरल्या अक्षरानें ठेविलें, आणि तिला हांक मारतांना धाकटें अक्षर लिहिलें, तर त्याच्या यंत्रावर ती निमूटपणें ओ देते. तीच बांधणी लिनक्सच्या यंत्रावर गेली कीं फाईल समोर असून सांपडत नाहीं. उलट लिनक्सच्या गाभ्यांत, संदेशांची गाळणी करणाऱ्या भागांत, नांवांत केवळ थोरल्या-धाकट्या अक्षरांचाच फरक असलेल्या फाईलींच्या जोड्या वर्षानुवर्षें नांदत आल्या आहेत: त्यांतली एक संदेशावरची विशिष्ट खूण ओळखते, दुसरी ती खूण बदलते. तो सगळा मजकूर साध्या विंडोज कप्प्यांत उतरवून घेतला तर दोघींच्या जागीं एकच उरते, आणि गेलेल्या फाईलीबद्दल यंत्र अश्रूहि ढाळीत नाहीं.

आरंभीं ज्या प्रसंगाचा उल्लेख केला तो याच भेदांतून निघाला. 'गिट' नांवाचें एक हत्यार आज बहुतेक सर्व प्रोग्रॅमर वापरतात. तें मजकुराचा सारा इतिहास संभाळतें आणि एकाचें काम दुसऱ्यास पोहोंचवितें. प्रत्येक कामाच्या मुळाशीं एका टिंबानें सुरू होणारा 'गिट' नांवाचाच एक झांकलेला कप्पा असतो, व त्यांत त्या हत्याराला दिलेल्या सूचना ठेविलेल्या असतात. बाहेरून आलेल्या कामांत याच नांवाचा कप्पा असला तर तो आंत घ्यावयाचा नाहीं, एवढी खबरदारी होती. पण ती खबरदारी नांवाचें अक्षर न् अक्षर ताडून पाहणारी. कोणी दुष्ट बुद्धीनें तेंच नांव थोरल्या अक्षरांत लिहून पाठविलें तर पहारेकरी म्हणे, 'हा दुसरा कोणी आहे, जाऊं द्या'. आणि आंत गेल्यावर विंडोज व मॅक म्हणत, 'हे तर आपलेच!' मग परक्याच्या सूचना घरच्या सूचनांवर जाऊन बसत, आणि पुढच्या एखाद्या साध्या आज्ञेबरोबर परक्याचा प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालूं शके. १८ डिसेंबर २०१४ रोजीं हा दोष जाहीर झाला, आणि त्याच वेळीं २.२.१ व जुन्या शाखांच्या दुरुस्त आवृत्त्या काढण्यांत आल्या. केवळ 'हा पत्ता आणि तो पत्ता एकच कीं निराळे' या प्रश्नाला दोन यंत्रांनीं दिलेल्या दोन उत्तरांच्या फटींतून चोर शिरतो, हें आम्हांस या सगळ्या विषयाचें मर्म वाटतें.

त्याच दोषाचा मॅकवरचा एक उपप्रकार मराठी वाचकांनीं विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. मॅकची १९९८ सालची फाईलरचना, जी 'एचएफएस प्लस' म्हणून ओळखली जाते, ती नांवें ताडतांना कांहीं अदृश्य संकेतांक जमेसच धरीत नसे. त्यांत अक्षरें जोडणारा आणि न जोडणारा असे जे दोन शून्यरुंदीचे संकेतांक, तेहि होते. आणि हेच दोन आपल्या लिपीच्या टंकलेखनांत पदोपदीं येतात. 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यांतील 'ऱ' स्वतंत्र एका संकेतांकानें लिहितां येतो. 'र' व त्याखालीं नुक्ता असे दोन संकेतांक देऊनहि लिहितां येतो. आणि साध्या 'र'ला हलन्त लावून पुढें तो अदृश्य जोडणारा ठेविला तरीहि डोळ्यांस तेंच वळण दिसतें. वाचणाऱ्यास तिन्ही शब्द एकच. युनिकोडच्या नियमानें पहिले दोन समान, तिसरा मात्र निराळा. लिनक्स तर तिघांसहि तीन समजतो, कारण तो नांव वाचीतच नाहीं. नुसते अंक मोजून ठेवितो. एचएफएस प्लसची रीत अशी कीं नांव दिलें पहिल्या प्रकारें, तरी ती आपण होऊन दुसऱ्या प्रकारें लिहून ठेवी. त्यामुळें लिनक्सवर जन्मलेली 'वऱ्हाड' फाईल मॅकवर जाऊन परत आली कीं तिला तिच्याच घरीं कोणी ओळखीत नसे! २०१७ पासून मॅकनें 'एपीएफएस' ही नवी रचना घेतली. ती दिलेलें नांव तसेंच ठेविते आणि ताडतांना पहिल्या दोहोंस एक मानते.

नांवाच्या लांबीचाहि असाच पंक्तिप्रपंच आहे. लिनक्सच्या नेहमींच्या फाईलरचनेंत एका नांवास २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटांत मावतें. देवनागरी संकेतांकास तीन लागतात, व मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे निराळे मोजले जातात. म्हणजे आपल्या वांट्यास ८५ च आले. विंडोज बाइट न मोजतां सोळा सोळा बिटांचे घटक मोजते, तेथें देवनागरीसहि पुरे २५५ मिळतात. लेखाचें सबंध शीर्षक फाईलला देण्याची ज्यांस हौस आहे त्यांची फाईल विंडोजवर सुखानें राहील आणि लिनक्सच्या दारांतून परत येईल.

यावर कोणी म्हणतात कीं फाईलींस मराठी नांवें देऊंच नयेत. आम्हांस हें मान्य नाहीं. बांधणीच्या मूळ मजकुरापुरतीं नांवें धाकट्या इंग्रजी अक्षरांत, तोकडीं आणि मोकळ्या जागेवांचून ठेवावींत हें ठीक. तो कारागिरांचा आपसांतला व्यवहार आहे. पण आजोबांनीं आपल्या आठवणींच्या फाईलीस 'वऱ्हाडांतील दिवस' असें नांव दिलें, तर ती उघडणें, जपणें आणि दुसऱ्या यंत्रावर सुखरूप पोहोंचविणें हें प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचें कर्तव्य आहे. तेथें आजोबांस शिकवीत बसणें हा उद्धटपणा होय.

विंडोजच्या आणखी दोन खोडी सांगितल्यावांचून हा पाढा पुरा होत नाहीं. डॉसच्या काळीं छापखान्याचें यंत्र, पडदा वगैरे उपकरणांस 'प्रन', 'कॉन', 'ऑक्स', 'नल' अशीं नांवें राखून ठेविलेलीं होतीं. कप्पे नसल्यानें तीं सर्वत्र लागू. पुढें कप्पे आले तरी प्रत्येक कप्प्यांत त्यांचें आरक्षण कायम राहिलें. लिनक्सच्या गाभ्यांत एका चित्रपटलाच्या चालकामध्यें 'ऑक्स' नांवाची सी भाषेंतील फाईल आहे. विंडोज १० पर्यंतच्या यंत्रांवर ती सरळ मार्गानें तयारच करतां येत नसे. दुसरी खोड म्हणजे सबंध पत्त्यास असलेली २६० अक्षरांची मर्यादा. जावास्क्रिप्टच्या जगांतील 'एनपीएम' हें हत्यार पूर्वीं एका साहित्याच्या पोटांत दुसरें, त्याच्या पोटांत तिसरें असें ठेवीत जाई, आणि पत्ता वाढत वाढत या मर्यादेच्या पार होई. मग ते कप्पे पुसूं म्हटलें तरी पुसतां येत नसत. २०१५ सालीं त्याच्या तिसऱ्या आवृत्तीनें सगळें साहित्य शक्य तों एकाच पातळीवर मांडण्यास आरंभ केला. २०१६ पासून विंडोजनेंहि अधिक लांब पत्त्यांस परवानगी दिली आहे, पण ती मागून घ्यावी लागते.

मग उपाय काय? वेदाचा संहितापाठ आणि पदपाठ हा भेद येथें फार उपयोगीं पडतो. संहितेंत पदें संधीनें जोडलेलीं असतात. पदपाठांत प्रत्येक पद सुटें. पत्ता हा रेघांनीं जोडलेला अक्षरांचा एक लांब दोर आहे असें मानून प्रोग्रॅमर तो कापतो, चिकटवितो, आणि तेथेंच फसतो. पत्ता मनांत व प्रोग्रॅमांत पदपाठासारखा ठेवावा: गांव, पेठ, वाडा, खोली हीं सुटीं पदें. त्यांचा संधि ज्या यंत्रावर म्हणावयाचा त्या यंत्राच्या नियमानें, अगदीं शेवटच्या क्षणीं करावा. हें काम स्वतः करण्याचीहि गरज उरलेली नाहीं. जावा भाषेंत २०११ पासून, पायथनमध्यें २०१४ पासून आणि सी प्लस प्लसमध्यें २०१७ च्या मानकापासून पत्त्याला स्वतंत्र पदार्थाची प्रतिष्ठा मिळाली आहे. तो जोडणें, उकलणें, त्याचा वडील कप्पा विचारणें या सर्व सोयी भाषेबरोबरच येतात. तरीहि अधिक चिन्हानें दोन शब्द चिकटविण्याची संवय सुटत नाहीं, ती केवळ आळसानें.

याच्याच जोडीस पत्ते सापेक्ष असावेत. 'माझ्या यंत्राच्या सी तबकडींत, माझ्या नांवाच्या कप्प्यांत' असा पत्ता यादींत गेला कीं ती याद दुसऱ्याच्या घरीं निरुपयोगी झालीच. 'या कामाच्या मुळापासून डावीकडचा दुसरा कप्पा' असें सांगितलें तर सगळें बिऱ्हाड उचलून कोठेंहि नेतां येतें. आणि प्रत्येक बदलानंतर बांधणी तिन्ही घराण्यांच्या यंत्रांवर आपोआप करून पाहण्याची व्यवस्था ठेवावी. आपल्या घरीं आपल्या चाली कधींच खुपत नाहींत. त्या पाहुण्यालाच दिसतात. मनुष्यबळ थोडें आहे, पुढें पाहूं, ही सबब आम्हीं फार ऐकली आहे. ग्राहकाच्या यंत्रावर चूक सांपडली म्हणजे लागणारें मनुष्यबळ ही मंडळी मोजीत नाहींत.

इतक्यांत तिन्ही घरें एक होतील ही आशा नको. २०१६ पासून विंडोजच्या पोटांतच लिनक्स चालविण्याची सोय झाली आहे; सी तबकडी तेथें 'एमएनटी' नांवाच्या कप्प्यांत 'सी' म्हणून दिसते, आणि एकाच फाईलीस एकाच यंत्रावर दोन रीतींचे दोन पत्ते होतात. २०१८ पासून तर विंडोजवर एखाद्याच कप्प्यास थोरलीं-धाकटीं अक्षरें निराळीं मानावयास सांगतां येतें. त्या कप्प्यांत बापू आणि बापूराव सुखानें शेजारीं राहतात. लगतच्या कप्प्यांत मात्र त्यांच्यापैकीं एकालाच जागा आहे.